पहिला सेल

नागपूर
३ जुलै २०२५

प्रिय नागसेन मामा,
सप्रेम जयभीम.

आधी खाटेवर बसा, चष्मा लावा आणि मामीला हाक मारा. मारली? आता वाचा. आजपासून तुमची भाची आमच्या सरकारी दवाखान्यातल्या ऑडिओलॉजी विभागाची प्रमुख झाली आहे! कान तपासायचे, कानाची मशीन द्यायची, ऐकू येत नाही म्हणून बोलायला न शिकलेल्या मुलांना बोलतं करायचं, हे सगळं जिथे चालतं तो विभाग आता मी सांभाळायचा. चौदा वर्षं त्याच दारातून आत जाते आहे, पण आज सकाळी पाय जमिनीवर नव्हते.

पहिला माणूस तुम्हीच आठवलात. लहानपणी सुट्टीत तुमसरला आले की तुमच्याशी ओरडून बोलावं लागायचं. राईस मिलमधल्या धान सडणाऱ्या हलरच्या धडधडाटात एकतीस वर्षं उभं राहून तुम्ही कान घालवलेत, आणि त्या ओरडण्यातूनच मी या कामाकडे वळले. तुम्ही फोनवर नुसतं "हो हो" म्हणता आणि कशाला हो म्हणालात ते तुम्हालाच ठाऊक नसतं, म्हणून आपली पत्रं सुरू झाली. आता फेब्रुवारीच्या शिबिरात मी स्वतः तुमच्या कानाला मशीन लावली आहे, तरी पत्राची सवय काही सुटत नाही.

आता आजची गंमत ऐका. आमचे मधुकरराव, विभागातले सगळ्यांत जुने शिपाई, दारात उभे राहून पेशंटला बोलावतात. आज मी बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. ते ओरडत होते, "पार्वतीबाई! पार्वतीबाई कोण हाय?" पार्वतीबाई त्यांच्यापासून दोन हातांवर बसून शांतपणे पंख्याकडे बघत होत्या. "गेली वाटते घरी," म्हणत त्यांनी पुढचं नाव घेतलं. मामा, चौदा वर्षं आत बसून मी या हाका ऐकल्या, आणि ऐकू येत नाही म्हणून आलेल्या माणसाला आपण हाक मारून बोलावतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही! तिथेच पहिला हुकूम काढला. उद्यापासून हातात नंबराचं कार्ड आणि दारावर मोठ्या आकड्यांची पाटी. मधुकरराव म्हणाले, "मॅडम, पयल्या साहेबांले मी धा वेळा सांगतलं होतं. पण माह्यं इथं ऐकते कोण?"

एक गोष्ट मनात धरली आहे. गेल्या आठवड्यात वाडीहून एक बाई मुलीला घेऊन आली. नवरा ट्रकच्या गोदामात हमाल, मुलीचं नाव पिंकी, वय साडेचार, आणि तोंडातून एक शब्द नाही. आई म्हणाली, "तिचे बाबाही उशिराच बोलले होते, म्हणून वाट पाहून राहिलो." मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बोलायला शिकायची खरी वर्षं निघून गेली. मामा, बाळ जन्मलं की दुसऱ्या दिवशी झोपेतच त्याचा कान तपासता येतो. आपल्या दवाखान्यात रोज इतकी बाळं जन्मतात, पण ते यंत्र आपल्याकडे नाही. ते मला आणायचंच आहे.

मामीला नमस्कार. मशीन कशी आहे ते सविस्तर लिहा.

तुमची,
प्रीती


तुमसर
१२ जुलै २०२५

चि. प्रीती हिस,
मामा-मामीचे अनेक मंगल आशीर्वाद.

तुझं पत्र एकदा घरी वाचलं, एकदा विहारात वाचून दाखवलं आणि तिसऱ्यांदा बसस्टँडवरच्या चहावाल्याला. त्यानं विचारलंही नव्हतं, तरी वाचून दाखवलं. मामीनं साऱ्या ओळीत साखर वाटली. समोरची म्हणाली, "मुलगी झाली का कोणाले?" मामी म्हणाली, "मुलगी नाही वं, साहेब झाली!"

नंबराच्या कार्डाचं वाचून हसू आवरेना. फेब्रुवारीच्या शिबिरात मी दोन तास मांडवात बसलो होतो. माझं नाव चार वेळा पुकारलं म्हणे. शेवटी बाजूच्या माणसानं कोपर मारलं तेव्हा उठलो. हे तेव्हा सांगितलं नाही, कारण तू फार घाईत होतीस आणि फार खूश होतीस.

मशीन एक नंबर आहे, काळजी करू नकोस. घरात माझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आहे. या महिन्यात वरण दोनदा करपलं, पण तो कुकरचा दोष, शिट्टी नीट देत नाही. मामीला तसं पटत नाही, पण तिला माझं काहीच पटत नाही.

त्या पिंकीच्या आईवर रागावू नकोस. मलाही मिलमधून घरी आल्यावर कानात घूं घूं व्हायचं, तेव्हा वाटायचं की सगळ्यांनाच होत असेल. तू ते बाळांचं यंत्र आणच. एकदा धरलं की सोडायचं नाही, हे तू आईकडून घेतलं आहेस.

तुझा,
मामा


नागपूर
२२ जुलै २०२५

प्रिय मामा,
जयभीम.

बातमी फुटली! बाळांचं यंत्र देण्याआधी विभागांची पाहणी करायला मुंबईहून समिती येते आहे, अठरा सप्टेंबरला. विदर्भातल्या एकाच दवाखान्याला ते मिळणार. म्हणजे आम्हाला, नाहीतर दुसऱ्या कुणाला. नाही मिळालं तर आणखी किती वर्षं थांबायचं ते कुणी सांगत नाही.

विभागात नुसती लगबग आहे. आवाजबंद खोलीच्या दाराचं रबर उंदरांनी कुरतडलं होतं. शेजारची लिफ्ट सुरू झाली की आत बसलेला पेशंट "आवाज आला" म्हणून बटण दाबायचा! ते रबर बदललं. नूपुर म्हणजे आमची कंत्राटावरची धाकटी ऑडिओलॉजिस्ट. तिनं भिंतीवर दोन वर्षांच्या कामाचा तक्ता लावला आहे. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: "दोनशे बारा मशीन वाटप". एवढा आकडा आजूबाजूच्या कुणाचाच नाही. आणि तक्त्याच्या मधोमध कोण आहे सांगू? तुम्ही! शिबिरात मी तुमच्या कानाला मशीन लावते आहे, तो पेपरात आलेला फोटो. तुम्ही कॅमेऱ्याकडे असे बघता आहात, जणू मशीन तुम्हीच बनवली.

एक काम करा. मशीनमुळे काय फरक पडला ते चार ओळींत लिहून पाठवा, समितीच्या फायलीत लावते. अन् सोबत मशीनच्या सहा सेलची पट्टी पाठवते आहे. तुमचे कधीच संपले असतील. मीच विसरले, हेडमॅडम होण्याच्या नादात.

आणि मशीन लावून मला एकदा फोन करा ना! तुमच्याशी न ओरडता बोलायचं आहे. आयुष्यात एकदा तरी.

तुमची,
प्रीती


तुमसर
३० जुलै २०२५

चि. प्रीती हिस,
मंगल आशीर्वाद.

फोनचं म्हणशील तर पत्राची मजा फोनला नाही. फोन ठेवला की संपलं, पत्र उशीखाली ठेवता येतं. तेव्हा पत्रच बरं.

चार ओळी लिहितो: "मी नागसेन, रिटायर मिल कामगार, वय एकोणसत्तर. सरकारी दवाखान्यानं दिलेल्या मशीनमुळे मला सर्व काही स्वच्छ ऐकू येते. घरी व समाजात मान वाढला. मशीन अतिशय उत्तम दर्जाची आहे. विभागाचे उपकार विसरणार नाही." आणखी चढवून पाहिजे असेल तर सांग, हात सैल आहे.

सेलची पट्टी मात्र परत पाठवतो आहे, उघडलीही नाही. एखाद्या गरजूला दे. माझी मशीन इतकी चांगली आहे की शिबिरात तू घातलेला पहिलाच सेल अजून चालू आहे. पाच महिने झाले, हूं की चूं नाही. हेही समितीला सांग, त्यांचे डोळे पांढरे होतील.

मामीनं भिवापूरची मिरची पाठवली आहे, जपून वापर.

तुझा,
मामा


नागपूर
६ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र विभागात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "हात सैल आहे" ला नूपुर खो खो हसली. मग मी सेलचं वाक्य वाचलं आणि तिथेच अडखळले.

मामा, हा सेल पंधरा दिवसांच्या वर चालत नाही. स्टिकर काढला की त्याला हवा लागते आणि मशीन नुसती डब्यात पडून असली तरी तो काही आठवड्यांत संपतो. पाच महिने तो चालूच शकत नाही. तुम्ही मशीन लावतच नाही. कधीपासून? कदाचित शिबिरानंतर चार दिवसही नाही. आणि मी, चौदा वर्षं हेच काम करणारी, तुमचं "एक नंबर" वाचून खूश होत होते. करपलेलं वरण वाचूनही मला कळलं नाही. फार वाईट वाटलं मामा. थोडा रागही आला. थोडा नाही, बराच.

मी पत्र खाली ठेवलं. तेवढ्यात मधुकररावांनी कपाटातून एक जाड रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवलं. सेलचं रजिस्टर. कोण सेल न्यायला आलं, कोणत्या तारखेला, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. ते आजवर कुणी उघडून पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मॅडम, मशीन नेणारे लय हायेत. सेल न्याले येणारे मोजकेच. मी पाहून राहिलो ना, इतके वर्षं."

दुसऱ्या दिवसापासून मी आणि नूपुर दोनशे बारा घरी फोन लावत बसलो, अर्थात घरच्यांना. एका सुनेनं सांगितलं, "आजीची मशीन हाय ना, देव्हाऱ्यात ठेवली." एक मुलगा म्हणाला, "बाबा फक्त लग्नात लावतात, फोटोपुरती." सक्करदऱ्याच्या एका बाईंनी सरळ विचारलं, "परत घेता का?" मामा, दोनशे बारापैकी रोज लावणारे एकावन्न निघाले.

समितीच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत. किती मशीन दिल्या आणि किती वापरात आहेत. गेल्या वेळी दोन्हीकडे एकच आकडा लिहिला होता. नूपुर हळूच म्हणाली, "ताई, लिहून टाका ना दोनशे बारा. कोण येऊन कान पाहणार आहे?" तिचं कंत्राट डिसेंबरपर्यंतच आहे, तिचं चुकलं असं म्हणवत नाही. खरा आकडा लिहिला तर यंत्र दुसरीकडे जाईल, आणि अशा कितीतरी पिंकी साडेचार वर्षांच्या होऊन दारात येतील. खोटा लिहिला तर तक्त्यावरून रोज तुम्ही माझ्याकडे बघणार.

मला फक्त एक सांगा, तुम्ही मशीन काढून का ठेवली? खरं सांगा. समितीसाठी नाही, मला पाहिजे.

प्रीती


तुमसर
२४ ऑगस्ट २०२५

चि. प्रीती हिस,

पंधरा दिवस पत्र समोर घेऊन बसत होतो आणि उठत होतो. मामी म्हणाली, "आता लिहा नाहीतर मी लिहितो." तिचं अक्षर तुला माहीत आहे, म्हणून लिहायला घेतलं.

मशीन तांदळाच्या डब्यात आहे. घरच्या चिन्नोर तांदळात, ओल लागू नये म्हणून. मिलमध्ये राहिलेला माणूस दुसरं कुठे ठेवणार? मार्चपासून तिथेच आहे.

झालं असं. शिबिरानंतरच्या रविवारी मी ऐटीत मशीन लावून विहारात गेलो. वंदना सुरू झाली. मी मान खाली घातली आणि माझ्या कानातून बारीक शिट्टी सुरू झाली. मला वाटलं बाहेर कुणी वाजवतं. मान वर केली की बंद, खाली केली की सुरू. पुढची पोरं वळून बघायला लागली. भन्तेजी क्षणभर थांबले. एवढी शांत जागा, आणि तिथे माझ्या कानात कुकर! मी उठून बाहेर आलो. मग गोंदियाच्या लग्नात लावून पाहिली, तर बँडबाजा सुरू होताच जुना हलर डोक्यात पुन्हा चालू झाला. जेवताना प्रत्येक घासाला शिट्टी. जावईबापूंनी विचारलं, "मामाजी, अलार्म लावला का गा?" त्या दिवशी काढली ती काढलीच.

तुला सांगितलं नाही, कारण पेपरात फोटो आला होता. साऱ्या तुमसरमध्ये तो फिरला. भाचीनं स्वतःच्या हातानं लावलेल्या मशीनला मी नाव ठेवलं तर लोक तुला नाव ठेवतील. म्हटलं झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात तू साहेब झालीस. मग तर जीभ उचलेचना. सेलचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं जास्त चालला म्हणजे कौतुकच.

मी हे तुझ्यासाठीच केलं, पण तुझंच नुकसान केलं हे आता कळतं आहे. फॉर्मवर काय लिहायचं ते तू ठरव. मी मिलमध्ये असताना मालक माल तपासायचा तेव्हा बाकीचे पोत्यात वरून चांगला तांदूळ घालायचे. मी एकदाही घातला नाही, एवढंच सांगतो.

माझी मशीन एखाद्या तरुणाला दे. माझं आता काय राहिलं ऐकायचं?

तुझा,
मामा


नागपूर
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,
जयभीम, जयभीम, जयभीम!

आधी मुख्य बातमी. यंत्र मिळालं! दिवाळीनंतर येतंय. सहा महिन्यांच्या बोलीवर, पण येतंय! नूपुर कॉरिडॉरमध्ये नाचली आणि मधुकररावांनी धंतोलीहून समोसे आणले. आता सगळं सांगते.

तुमच्या पत्रातली शिट्टी वाचली आणि मी कपाळावर हात मारला. शिट्टी मशीनची नाही मामा, माझी. प्रत्येकाच्या कानात मऊ लगदा भरून माप घेऊन त्याचा साचा करावा लागतो. तो नीट बसला की आवाज बाहेर गळत नाही आणि शिट्टी वाजत नाही. शिबिरात एका दिवसात साठ जणांना मशीन लावायच्या होत्या, म्हणून आम्ही तयार रबरी टोप्या घातल्या आणि पुढे निघालो. साठचा आकडा गाठल्याचा केवढा आनंद झाला होता त्या दिवशी मला! आवाजही सगळ्यांना जवळपास एकसारखाच ठेवला. मग तुमच्या डोक्यात हलर सुरू होणार नाही तर काय?

मी फॉर्मवर लिहिलं: दिल्या दोनशे बारा, वापरात एकावन्न. आणि खाली, तुम्हाला न विचारता, तुमचं पत्र जोडलं. चार ओळींचं नाही. तांदळाच्या डब्याचं. रागवा हवं तर.

समितीच्या प्रमुख बाई म्हणजे पिकल्या केसांच्या कडक डॉक्टर. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग पत्र वाचायला घेतलं. खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि आमच्या खोलीत ती खरंच येते. मी मनात यंत्राला निरोप देऊन टाकला. त्यांनी तक्त्यावरच्या फोटोकडे बोट केलं, "हेच का ते?" मी म्हटलं, "हो. माझे मामा. ही मशीन आता तांदळात आहे." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वापराचा खरा आकडा सगळ्यांचाच इतका कमी असतो. लिहिलेला आज पहिल्यांदा पाहिला. पण खरं बोललात म्हणून यंत्र देता येत नाही. बाळात दोष सापडला आणि पुढे त्याचंही असंच झालं तर? पुढे काय करणार ते सांगा."

मग मी बोलत सुटले मामा! गेल्या महिन्यापासून दर गुरुवारी आम्ही फक्त जुने पेशंट बोलावतो. जितेंद्र, आमचा साचे करणारा, दिवसाला आठ साचे करतो. रबरी टोपी बंद. एकदा मशीन दिली की महिन्यात दोनदा भेट झालीच पाहिजे, नाहीतर ती दिली असं धरायचंच नाही. एकावन्नचे आज चौऱ्याण्णव झाले आहेत. बाईंनी विचारलं, "लोक लावतात हे तुम्हाला कळणार कसं?" मी मधुकररावांना आत बोलावलं. ते सेलचं रजिस्टर छातीशी धरून आले. बाईंनी खुर्ची ओढून त्यांना शेजारी बसवलं आणि अर्धा तास पानं उलटत राहिल्या. बाहेर आल्यावर मधुकरराव मला म्हणाले, "ऐकलं बा कोणीतरी!" आणि डोळे पुसायला लागले.

बोली अशी आहे: सहा महिने दर महिन्याला किती मशीन दिल्या ते नाही, किती सेल संपले ते कळवायचं. नूपुरचं कंत्राटही तेवढंच वाढलं. सहा महिन्यांत आकडा घसरला तर यंत्र परत.

म्हणून तुमचं "माझं काय राहिलं ऐकायचं" मला चालणार नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीला तुम्ही येताच. या वेळी तीन दिवस आधी या, मामीला घेऊन. डबा घेऊन या. तांदळासकट.

तुमची,
प्रीती


तुमसर
६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रीती हिस,
मंगल आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. माझं खाजगी पत्र मुंबईपर्यंत वाचलं गेलं, हे मी बसमध्ये सगळ्यांना सांगितलं.

तुझ्या विभागात माझ्या हातात तेवीस नंबरचं कार्ड आलं आणि पाटीवर तेवीस लागताच मी आपला आपण उठलो, तेव्हाच मी अर्धा बरा झालो होतो. जितेंद्रनं कानात ते गुलाबी पीठ भरलं तेव्हा गुदगुल्या झाल्या. पण दुसऱ्या दिवशी तू साचा बसवलास, मशीन अगदी हळू सुरू केलीस आणि मी मान खाली घातली, वर केली, पुन्हा खाली घातली. शिट्टी नाही! मग मागून आवाज आला, "आता झालं असन तर चला, मले भूक लागली." प्रीती, मी मागे न बघता मामीचं बोलणं ऐकलं. किती वर्षांनी, ते मोजता येत नाही. तिथे मला रडू आलं, ते तू पाहिलंस आणि दुसरीकडे बघितलंस, ते मी पाहिलं.

मी केवढ्या मोठ्यानं बोलतो हेही पहिल्यांदा कळलं. मामीला म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही? ती म्हणाली, "तीस वर्षं सांगून राहिली ना जी, ऐकाले काय होतं तुमाले?"

दीक्षाभूमीवर भोंगे एकदम अंगावर आले तेव्हा काढून ठेवावीशी वाटली. तू शिकवलं होतंस तसा आवाज कमी केला. मग मान खाली घालून वंदना म्हटली, सगळ्यांबरोबर. माझ्या बाबांनी छप्पन साली याच मैदानावर दीक्षा घेतली होती. एवढी वर्षं मी तिथे नुसते ओठ हलवत होतो, लोक कुठपर्यंत आले ते बघून बघून. यंदा बरोबर म्हणालो. फार बरं वाटलं, आणखी काय लिहू?

मिक्सर मात्र अजून सहन होत नाही, तेव्हा काढतो. हे लपवत नाही.

मी परत पाठवलेली तीच सेलची पट्टी तू पुन्हा माझ्या खिशात घातलीस, आणि वर पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड दिलंस: "पहिला सेल संपेल त्या दिवशी पेटीत टाका." सगळ्यांनाच देतेस म्हणे. कार्ड खिडकीत ठेवलं आहे. मामी रोज विचारते, "संपला का?" म्हटलं घाई काय, पाच महिने चालणारी मशीन आहे माझी.

तुझा,
मामा


पोस्टकार्ड
तुमसर, १३ ऑक्टोबर २०२५

चि. प्रीती,
काल सायंकाळी मामी बोलता बोलता मधेच गप्प झाली. वाटलं रागावली. बघतो तर तोंड चालूच होतं! पहिला सेल संपला. बारा दिवस चालला. दुसरा घातला आणि तिला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मधुकररावांना म्हणावं, माझ्या नावासमोर लिहून घ्या.
मामा